कर्सर ‘होय’वरच

आमच्या ऑफिसात त्यांना पाठीमागे ‘बोका’ म्हणत. समोर मी दादा म्हणायचे. एक तर ते माझ्यापेक्षा बरेच मोठे होते, आणि तोंडावर बोका म्हणायची कुणाची छातीही नव्हती. नाव कोणी पाडलं ते मला माहीत नाही, पण ज्या खोलीत दादा बसत त्या खोलीत माउस टिकत नसे हे मात्र खरं. कोणी नवीन माणूस कामाला लागला की दादा पहिल्याच दिवशी त्याच्या टेबलापाशी जात, हसतमुखाने माउसची वायर उपटत आणि तो आपल्या खणात टाकत. “आठवडाभर असंच काम करा. मग हवासा वाटला तर मागायला या.” मागायला गेलेल्याकडे ते असं काही बघत, की मोठेपणी दुधाची बाटली मागितल्यासारखं त्या माणसाला वाटे. बहुतेक जण निमूट परत येत.

आमची कंपनी घाऊक व्यापाऱ्यांसाठी बिलं करायचे प्रोग्राम बनवते. औषधवाले, गाड्यांचे सुटे भाग विकणारे, वह्या-पेन्सिलीवाले, असे लोक आमचे गिऱ्हाईक. प्रोग्रामचा पडदा कसा दिसावा, कुठल्या रकान्यानंतर कुठला रकाना यावा, कोणतं बटण दाबल्यावर काय व्हावं, हे ठरवणं दादांचं काम. त्यातल्या चुका काढणं माझं काम. त्यामुळे आमचं नातं सासू-सुनेचं होतं, फक्त सासू कोण आणि सून कोण ते रोज बदलायचं.

दादांचा धर्म एका ओळीचा होता: हात कीबोर्डवरून उठता कामा नये. “बिल करणाऱ्या बाईचा उजवा हात आकड्यांवर असतो,” ते मीटिंगमध्ये सांगत, “डावा ऑर्डरच्या कागदावर. माउस धरायला तिसरा हात कुठून आणायचा तिने?” आणि खोटं का बोला, ते पटायचंही. त्यांच्याबरोबर मी एकदा एका औषधवाल्याकडे गेले होते. गोदामाला लागून लांबट खोली, खोक्यांचा वास, आणि ओळीने बसलेल्या बायका. त्यांच्या कीबोर्डवरची अक्षरं पुसून गेली होती, पण कोणाचं काही अडत नव्हतं. औषधाची पहिली दोन-तीन अक्षरं, एंटर, नग, एंटर, पुढचं औषध. शेवटी पडदा विचारी, ‘बिल पक्कं करायचं?’ खाली ‘होय’ आणि ‘नाही’, आणि कर्सर आधीच ‘होय’वर उभा. एंटर. बाईने पडद्याकडे पाहिलंसुद्धा नसे, ती शेजारणीशी बोलत असे. दादा तिच्या मागे हात बांधून उभे, नजर तिच्या बोटांवर. त्यांना त्या बायकांचे चेहरे कधीच ओळखू यायचे नाहीत. “ती नखं कुरतडणारी”, “ती करंगळी वर ठेवणारी” अशा त्यांच्या ओळखी. रस्त्यात भेटल्या असत्या तर हात दाखवल्याशिवाय ओळख पटली नसती.

या सगळ्याला नियमावली होती. दादांनीच लिहिलेली, आणि ऑफिसातल्या प्रत्येक प्रोग्रामरला पाठ असलेली. त्यात दोन नियम असे होते की ज्यांच्यावरून मी त्यांच्याशी जन्मभर भांडले असते. पहिला: कुठलाही प्रश्न विचारला की कर्सर ‘होय’वरच हवा. माणूस काम करायला बसलाय, न करायला नाही. दुसरा: ‘होय’ झालं की झालं. परत फिरायची सोय ठेवली की माणूस बेफिकीर होतो.

मी रीतसर तक्रार नोंदवली. लिहिलं, की माणसाची बोटं डोळ्यांच्या पुढे धावतात, न वाचता एंटर बसतो, एखाद्या दिवशी कोणीतरी पायावर धोंडा पाडून घेईल. दादांनी ती तक्रार एका ओळीत बंद केली. शेरा होता: ‘रचना निर्दोष. वापरणाऱ्याने वाचावे.’ मी पुन्हा उघडली, त्यांनी पुन्हा बंद केली. पालथ्या घड्यावर पाणी.

घरी तर त्यांनी कहरच केला होता. वहिनी म्हणजे दादांची बायको. मी त्यांच्याकडे अधूनमधून जायची, ती खरं सांगायचं तर वहिनींसाठीच. एकदा त्या माहेरी गेल्या असताना दादांनी स्वयंपाकघराची ‘रचना’ बदलली. कुठला डबा हाताला किती वेळा लागतो याचा विचार करून सगळी मांडणी केली. वहिनी परत आल्या त्या दिवशी मी तिथेच होते. त्यांनी चहाला पाणी ठेवलं आणि त्या साखर शोधायला लागल्या.

“अगं, हात न उठवता मिळेल अशी ठेवलीय,” दादा बाहेरून म्हणाले.

“हात राहू दे, मला डोळ्यांना दिसेल अशी ठेवा,” वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून हळूच, “हा माणूस दिवसभर ऑफिसात असतो म्हणून माझा संसार चाललाय बघ. निवृत्त झाला ना, की मीच घर सोडून जाईन.”

त्यावर आम्ही दोघी हसलो होतो. तेव्हा निवृत्ती लांब होती, आणि दादांना तर ती यायलाच नको होती.

मग आमच्याकडे गोलसाहेब आले. हेही नाव ऑफिसनेच ठेवलेलं, कारण त्यांना पडद्यावर कोपरा सहन होत नसे. बटणं गोल, चौकटी गोल, रंग मऊ मऊ. त्यांनी आयुष्यात एकही बिल केलं नव्हतं, पण बिल करताना माणसाला ‘आनंद’ झाला पाहिजे असं त्यांचं ठाम मत होतं. पहिल्याच महिन्यात त्यांनी नव्या आवृत्तीचा नमुना दाखवला. औषधाचं चित्र, त्यावर माउस न्यायचा, ते फुगतं, मग त्यावर दाबायचं, मग नगाची गोल चकती फिरवायची. गिऱ्हाइकांचे मालक टाळ्या वाजवत होते. मालक विकत घेतो, तो बिल करत नाही. जी बिल करते तिला बोलावण्याची पद्धत नाही.

दादा उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, यात एक बिल होईपर्यंत रुग्ण बरा तरी होईल, नाहीतर दुसरं काहीतरी होईल.”

लोक हसले. गोलसाहेबही हसले, पण त्या दिवसापासून दादा त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागले. उघड काढून टाकणं जमण्यासारखं नव्हतं, कारण अर्धे गिऱ्हाईक दादांच्या पडद्यावर जगत होते. म्हणून वरच्या ऑफिसातून स्वेच्छानिवृत्तीची योजना आली. पन्नाशीच्या पुढच्या ज्याला जायचं त्याने आपखुशीने जावं. नाव योजनेचं, रोख एकाच खुर्चीवर, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

दादांनी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर जाहीर केलं, “मला खुर्चीसकट उचलून बाहेर ठेवावं लागेल. मी गेलो की दुसऱ्या दिवशी त्या बायकांच्या हातात माउस येईल. नवी आवृत्ती बिनमाउसची बाहेर पडेपर्यंत मी हलत नाही.” आणि त्यांना खरंच हलायचं नव्हतं. ती खोली, ती नियमावली, खणातले ते माउस, याच्यापलीकडे त्यांना जगच नव्हतं. मला हसू यायचं आणि कीवही यायची. घरी हा माणूस काय करणार, असं मनात येऊन मला वहिनींची काळजी वाटायची.

आता आमच्या हजेरीच्या प्रोग्रामबद्दल सांगायला हवं. तोही दादांचाच. सकाळी आलं की नाव, एंटर, तारीख, एंटर, ‘हजेरी लावायची?’ कर्सर ‘होय’वर, एंटर. टक, टक, टक. इतकी वर्षं आम्ही सगळे बॅग खांद्यावरून न उतरवता ही हजेरी लावत आलो. त्या पडद्यावर काय लिहिलंय हे मला शपथेवर विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं.

त्या सकाळी दादा आले ते फणफणतच. गोलसाहेबांनी प्रत्येकाच्या टेबलावर नवा माउस ठेवला होता, आणि तो बिनवायरचा होता. दादांनी आपल्या टेबलावरचा दोन बोटांत धरून माझ्यासमोर नाचवला.

“हे बघ! वायरसुद्धा नाही. माणसाने उपटायचं काय?”

“दादा, बसा आधी. हजेरी लावा.”

“लावतोय.” डाव्या हातात माउस, उजवा हात कीबोर्डवर, डोळे माझ्याकडे. “याला वाटतं मला कळत नाही?” टक. “मुद्दाम केलंय हे.” टक. “वर पुन्हा काय म्हणतो, भेट म्हणून घ्या.” टक. “आज मशीन काय झोपलंय काय?” टक, टक.

मी सहज त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. पडद्यावर लिहिलं होतं: ‘धन्यवाद. आपली स्वेच्छानिवृत्ती नोंदवण्यात आली आहे. पुढे जाण्यासाठी एंटर दाबा.’

“दादा, थांबा!” मी ओरडले. पण त्यांनी तोही दाबला होता. पडद्यावर आलं, ‘आपली आजची हजेरी लागली आहे.’

योजनेची माहिती हजेरीच्या प्रोग्रामातच घातली होती, फक्त पन्नाशीच्या पुढच्यांना दिसेल अशी. लांबलचक मजकूर, खाली प्रश्न: ‘आपण ही योजना स्वीकारता का?’ कर्सर ‘होय’वर. पुढे, ‘निर्णय कायम करायचा?’ पुन्हा ‘होय’वर. आणि परतीची वाट नाही. मला पहिल्यांदा वाटलं हा गोलसाहेबांचा डाव. पण डाव टाकायला आधी डोकं लागतं. तो पडदा आमच्यातल्याच एका प्रोग्रामर बाईने केला होता. तिला गाठलं तर ती रडवेली होऊन म्हणाली, “नियमावलीत तसंच आहे ना! ‘नाही’वर ठेवला असता तर दादांनीच मला फाडून खाल्लं असतं.”

हिशेब खात्यातल्या बाईंनाही त्याच सकाळी तोच पडदा आला होता. त्या दादांना चुकवून पर्समध्ये एक माउस बाळगायच्या. तो त्यांनी सावकाश सरकवत ‘नाही’वर नेला आणि दाबला. त्या आजही कामावर आहेत.

दादांचा चेहरा मात्र आधी पडला नाही. आधी ते म्हणाले, “पडदा बरोबर चालला.” मग खाली बसले.

गोलसाहेबांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. मला कशाला, तर माझी ती जुनी तक्रार त्यांना कुठूनतरी सापडली होती. साहेब खुशीत होते, पण वाईट माणसासारखे नाही. पत्ते चांगले आल्यावर कोणीही दिसेल तसेच.

“दादा, मी काही राक्षस नाही,” ते म्हणाले. “चूक झाली, मला कळतंय. तुम्ही फक्त एक ओळ लिहून द्या. रचना सदोष होती, कर्सर नको तिथे होता, त्यामुळे दिशाभूल झाली. मी वर पाठवतो. संध्याकाळपर्यंत सगळं रद्द.”

“आणि त्या ओळीचं मग काय करणार?” दादांनी विचारलं.

“फाइलला लावणार.”

“आणि नव्या आवृत्तीच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवणार.”

साहेबांनी हात पसरले. “आता रचना करणारा स्वतःच सदोष म्हणतोय म्हटल्यावर, दादा, दाखवायला नको?”

मी मध्ये पडले. “दादा, लिहून टाका. अहो, खरंच सदोष आहे ती! मी केव्हापासून बोंबलतेय. माझी तक्रार जोडा, माझ्या नावावर खपवा, पण लिहा.”

“तुझी तक्रार मी बंद केलीय.”

“मग उघडा!”

“त्या बायकांना विचार कर्सर कुठे हवा ते,” दादा म्हणाले. “एका माणसाने झोपेत एंटर मारला म्हणून सगळ्यांचा हात मोडायचा?”

“तो एक माणूस तुम्ही आहात, दादा! घरी वहिनींना काय सांगणार?”

त्यांनी साहेबांचं पेन घेतलं. मला वाटलं, सुटलो. कागदावर त्यांनी त्यांच्या त्या सुबक अक्षरात लिहिलं: ‘रचना निर्दोष. वापरणाऱ्याने वाचले नाही.’ खाली सही केली आणि पेनाला टोपण लावून ते साहेबांच्या पुढ्यात ठेवलं.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो प्रकार मी डोळ्यांनी पाहिला. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की तो कागद फाडून मीच दुसरा लिहावा असं वाटलं. अभिमानही वाटला, तो का ते मला आजवर नीट सांगता आलेलं नाही. दोन्ही एकदम वाटल्यामुळे मी बाहेर येऊन जिन्यात उभी राहून रडले.

दादा गेले. जायच्या दिवशी त्यांनी खण उघडा ठेवला. त्यांचा निरोप घ्यायला आलेल्या लोकांपेक्षा आपापला माउस ओळखून न्यायला आलेले लोक जास्त होते.

गोलसाहेबांनी दुसऱ्याच आठवड्यात मला फर्मान दिलं: सगळ्या प्रोग्रामांत कर्सर ‘होय’वरून काढा, ‘नाही’वर ठेवा. सुरक्षित पडदा म्हणून जाहिरात करायची होती. मला तर हेच हवं होतं. मी स्वतः उभं राहून तो बदल करून घेतला, तपासला, आणि गिऱ्हाइकांकडे पाठवून दिला. आपण जिंकलो असं मला खरोखर वाटलं होतं.

सकाळी फोन वाजायला लागले. पहिला त्या औषधवाल्याच्या गोदामातून, तिथल्या सगळ्यांत जुन्या बाईंचा. आवाज एवढा, की फोन कानापासून लांब धरावा लागला.

“आमची बिलं गेली कुठं? एंटर मारला की सगळं पुसून पुन्हा पहिल्या ओळीवर! सकाळपासून एकही बिल पक्कं झालेलं नाही. कोणी केला हा उद्योग?”

“बाई, आता कर्सर ‘नाही’वर असतो. पडदा वाचून मग…”

“वाचून? आमचा हात बसलाय ताई! वाचत बसू का बिलं करू? औषधांच्या गाड्या दारात उभ्या आहेत. होतं तसं करा, नाहीतर आमचे मालक बोलतील तुमच्या मालकांशी.”

मालक बोलले. सुटे भागवाले बोलले, वह्यावाले बोलले. दुपार व्हायच्या आत गोलसाहेब माझ्या टेबलापाशी आले आणि दुसरीकडेच बघत म्हणाले, “ते आधीसारखं करून टाका. सगळीकडे.” माउसवाल्या नव्या आवृत्तीचा विषयही त्यानंतर कोणी काढला नाही. नमुन्यातलं ते फुगणारं औषध कुठल्यातरी फोल्डरमध्ये पडून असेल.

मी चिडून विचारलं, “साहेब, मग दादांची रचना बरोबर होती असं वर कळवून त्यांना परत बोलवायचं का?”

“आता त्यांनीच लिहून दिलंय ना,” साहेब म्हणाले, “चूक वापरणाऱ्याची म्हणून.” आणि आपल्या खोलीकडे निघून गेले.

त्या रविवारी मी दादांकडे गेले. वहिनींनी दार उघडलं. त्यांचे डोळे थकलेले दिसले. आत दादा खिडकीजवळ खुर्चीत बसले होते, हात मांडीवर, बोटं आपसूक हलत होती. मला पाहून त्यांनी कामाचं काही विचारलं नाही, पण विचारायचं होतं ते दिसत होतं. मीच सगळं सांगितलं. फोन, त्या बाईंचा आवाज, साहेबांचं दुसरीकडे बघणं. दादा पुढे सरकून ऐकत होते.

“म्हणजे कर्सर परत ‘होय’वर?”

“परत ‘होय’वर.”

“सगळीकडे?”

“सगळीकडे.”

“हजेरीच्या प्रोग्रामातसुद्धा?”

“तिथंसुद्धा. नियमावली एकच आहे ना.”

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा उजळला. ते उठून उभे राहिले, खोलीत एक फेरी मारली, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, “ऐकलंस का? माझंच बरोबर होतं!”

वहिनी चहाचे कप घेऊन दारात आल्या. एक माझ्या हातात दिला, एक त्यांच्यापुढे धरला.

“बरोबरच होतं हो तुमचं,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर त्यांनी कर्सर ठेवून घेतला आणि तुम्हाला माझ्याकडे पाठवलं.”